ठसा दाखवा

“कोण शिवलं हिला?”

सरांच्या चिमट्यात सिलिकॉनची चकती होती. आरशासारखी लख्ख, आणि तिच्यावर डाग. हात कुणाचा लागला, असंही विचारता आलं असतं. त्यांनी शिवलं म्हटलं. प्रयोगशाळेत आम्ही चौघं विद्यार्थी. विचारलं सगळ्यांना, बघितलं माझ्याकडे.

हातमोज्यांशिवाय मी त्या चकतीजवळ कधी गेले नव्हते. तरी मी हात पाठीमागे लपवले. त्याची लाज मला अजून वाटते.

नांदेडजवळचं कॉलेज. दुष्काळाचं वर्ष. चकत्या धुवायला शुद्ध पाणी भरमसाट लागतं आणि आम्हाला प्यायलाच टँकर. म्हणून लेझरने कोरडी सफाई करायचं ठरलं. प्रकाशाचा झटका बसला की धूळ उडते, पाण्याचा थेंब लागत नाही. यंत्रावर माझी निवड झाली. लगेच सरांच्या गोड चौकश्या सुरू झाल्या.

“उदगीर नवा जिल्हा होऊन राहिला म्हणतात. तुमचं गाव त्यात जातंय का?”

मी गाव सांगितलं. अहमदपूरजवळचं.

“अन् घर गावात कुठल्या अंगाला?”

नव्या जिल्ह्याला माझ्या घराची बाजू कशाला हवी? मला कळलं. मला कळलंय हे त्यांनाही कळलं. दुसऱ्या दिवशी माझे हातमोजे वेगळ्या खोक्यात. मापाचा फरक आहे, म्हणाले. माप तर सगळ्यांचं एकच होतं. मग मी सगळ्याकडेच संशयाने बघू लागले. माझ्या खुर्चीवर कुणी का बसत नाही? मी आले की बोलणं का थांबतं? कधी वाटायचं, माझंच डोकं फिरलंय.

आणि आज हा डाग. चकती ठेवून सरांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

“लिहून दे, माझा हात लागून चकती खराब झाली. उद्यापासून काचेची भांडी विसळ. यंत्राला शिवायचं न्हाई.”

मी पेन उचललं. खरं सांगते, लिहिणारच होते.

“आधी भिंगाखाली बघू द्या, सर.”

“त्यात काय बघायचं? विटाळ तो विटाळ!”

सर हसले. मागून आणखी कुणी हसलं. त्या हसण्याने माझी भीती गेली.

मी चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बोटाच्या ठशाला रेषा असतात. इथे एकही रेषा नव्हती. गोल खळगे होते, एका मापाचे, सारख्या अंतरावर. घाण वर बसते. हे आत गेलं होतं, जळून. लेझरचा जोर सकाळी सरांनीच वाढवला होता. यंत्राच्या पडद्यावर तो आकडा तसाच होता.

“सर, हिला कुणी शिवलेलं न्हाई. तुम्ही जाळलंय.”

कुणी हसलं नाही. कागदावर मी तेच लिहिलं, सही केली, प्रत ठेवून घेतली.

यंत्रावरून मला काढलंच. कागद कुठल्या कपाटात दाबलाय, ठाऊक नाही. मी भांडी विसळत नाही. रोज जाते, यंत्रासमोरच्या खुर्चीत बसते, दोन्ही हात टेबलावर ठेवून. कुणी म्हणो, हिचा हात लागला. मी म्हणणार, ठसा दाखवा.