कोपऱ्याकोपऱ्याने येणारी वीज

मुलांनो, तुमच्या आजोबांचे शाळासोबती म्हणजे अख्ख्या पनवेलमधलं सर्वांत परोपकारी संकट आहे. हे गृहस्थ तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण त्यांच्या हातातलं तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न काही निवृत्त झालं नाही. बिघडलेली वस्तू दिसली की ते उघडतात, आणि चांगली दिसली तर दुप्पट उत्साहाने उघडतात. माझा मिक्सर ‘जरा ओरडतो’ म्हणून उघडला. आता तो कुजबुजतो आणि चटणी भरडच ठेवतो. वर मलाच विचारतात, “काय वहिनी, पाट्यावरची चव आली की नाही?”

गेल्या वर्षी आजोबांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं, तेव्हा हे संकट आमच्या जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला आलं. वीज गेली की जुन्या इन्व्हर्टरवर पंखा नुसता गुणगुणायचा, पण मशीन घरघरायचं, तापायचं आणि शिट्टी मारून बंद पडायचं. आजोबांना सिलिंडर लावेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे. मी सरळ म्हटलं, “भावोजी, साइन वेव्हचा नवा इन्व्हर्टर आणू या.” चेहरा असा पडला, जणू मी त्यांना घराबाहेर काढलं!

“विकतचा? तुम्ही लोणचं विकत आणता का?”

“आणते.”

“मग बोलणंच खुंटलं,” म्हणाले आणि जुन्या इन्व्हर्टरचं झाकण उघडून बसले. समोर ठेवलेल्या उपम्यावर चमच्याने चौकोनी पायऱ्या काढल्या. “ही तुमची वीज. कोपऱ्याकोपऱ्याने येते, मशीनला ठेचा लागतात.” मग उपमा थापून त्यावर गुळगुळीत लाट काढली. “ही मी आणणार.” उपमा गार झाला, माझ्या भरतकामाच्या टेबलक्लॉथला भोकं पडली, आणि नाकात नळी घातलेले आजोबा म्हणतात, “असू दे गं, त्याचा हात चांगला आहे.” ज्याच्या श्वासाचा प्रश्न, त्यानेच अशी वकिली करावी?

शेवटी मी निक्षून सांगितलं, आजोबांच्या मशीनवर प्रयोग चालणार नाहीत. ते मुकाट्याने उठले आणि रिक्षातून हुबेहूब तसंच मशीन घेऊन आले. त्यांच्या बायकोचं. ती गेल्यापासून ते कपाटाशेजारी झाकून ठेवलेलं होतं. “आधी ह्यावर बघू,” म्हणाले. आता टेबलाबरोबर माझा हॉलही गेला. तिथे ते मशीन कुणाच्याच नाकात न जाणारा ऑक्सिजन सोडत बसलं.

लाट गुळगुळीत करायला एक कपॅसिटर लागतो म्हणे. दुकानातला नवा आणणं ह्यांना कमीपणाचं. म्हणून कुठल्याशा मोडक्या टीव्हीतून काढून वर्षानुवर्षं जपलेला बसवला. तो फुटला, आणि मशीनमधून धूर निघाला. मी चांगलं झापायला तोंड उघडलं. पण ते मशीनच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, दमलेल्या माणसाच्या पाठीवर ठेवावा तसा.

“बरं झालं,” ते म्हणाले, “त्याचं वाचलं.” आणि चपला घालून बाजारात गेले, नवा कपॅसिटर विकत आणायला.

आता वीज गेली तरी आजोबांचं मशीन संथ चालतं. म्हणून माझा राग गेला असं समजू नका. दुपारी वीज गेली की हे गृहस्थ जिने चढून येतात आणि दारातच उभे राहतात. परवा मी खेकसले, “आत या, चहा टाकते!”

“चहा नको वहिनी. आमच्याकडे फार शांत असतं हो. जरा आवाज ऐकतो नि जातो.”

मी खुर्ची उचलली आणि मशीनच्या शेजारी नेऊन ठेवली.