एका हातात कॅंटोनीज, एका हातात ग्रीक

दोन्ही तळहात वर करायचे, एक जरा खाली, एक जरा वर, तराजूच्या पारड्यांसारखे, आणि म्हणायचे, "आधी तुलना करू. ठरवायचं मग."

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे हे काका गणिताचे निवृत्त शिक्षक. मंडईत वांगी घ्यायला गेले की पहिल्या गाळ्यापासून शेवटच्या गाळ्यापर्यंत बघत जायचे. तुलना पूर्ण होईपर्यंत चांगली वांगी लोकांनी नेलेली असायची. मग घरी येऊन पिठलं.

तुमच्याही सोसायटीत असे एक गृहस्थ असतील. असतात, आणि आपण त्यांना हसून सोडून देतो. मला सोडून देता येईना, कारण मी सोसायटीची सेक्रेटरी होते आणि आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती. बांधकाम होईपर्यंत कोण कुठे राहणार, हे मी लिहून घेत होते. सगळ्यांचे पत्ते आले. काकांची जागा कोरी.

"काका, कुठे जाणार?"

"त्यावरच काम चालू आहे, सेक्रेटरीबाई."

काम असं होतं. मुलगी हाँगकाँगला, जावई तिथलाच. मुलगा अथेन्सला, सून तिथली. काकू गेल्यापासून दोघांचाही आग्रह, बाबा, आता आमच्याकडेच या. नातू आणि नात साधारण एका वयाची, अजून शाळेत रुळायची होती. नातू कॅंटोनीज बोलायचा, नात ग्रीक. फोनवर आजोबांना बघून दोघंही नुसते हात हलवायची.

काकांनी मुलांना आयुष्यभर आंब्याची फोडसुद्धा सारखी कापून दिलेली. एकाकडे जायचं म्हणजे दुसऱ्याला नाही म्हणायचं, आणि ते त्यांच्याच्याने होईना. म्हणून त्यांनी निवाडा भाषांवर सोपवला. जी शिकायला सोपी, त्या घरी जायचं.

"म्हणजे कोणाला राग नको. भाषाच अवघड पडली, तर मी काय करणार?"

हे शहाणपणाचं होतं की वेडेपणाचं, मला आजही सांगता येत नाही. पण पत्ता हवा होता, म्हणून मी सोसायटीच्या फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारून दिली. डावीकडे कॅंटोनीज, उजवीकडे ग्रीक. काका फोनवरून धडे घ्यायचे आणि सकाळी खाली येऊन लिहायचे.

पहिल्या दिवशी ग्रीक पुढे. "अहो, अक्षरं सगळी ओळखीची! अल्फा, थीटा, पाय. जन्मभर शिकवली मी." दुसऱ्या दिवशी तोंड उतरलेलं. बीटाला ते लोक वीटा म्हणतात, पायला पी. "जुने विद्यार्थी नाव बदलून भेटल्यासारखं वाटतंय."

मग कॅंटोनीज पुढे. तिथे क्रियापद बदलतच नाही. मी, तू, तो, काल, उद्या, सगळ्यांना एकच रूप. ग्रीकमध्ये माणूस बदलला की क्रियापद बदलतं, वर लिंगं तीन. "पण मराठीतही तीनच ना, काका?" मी म्हटलं. काकांनी ग्रीकच्या खाली एक खूण केली आणि हात पुन्हा सारखे झाले.

कॅंटोनीजमध्ये त आणि थ, क आणि ख वेगळे. आपल्याला जन्मतः येतात. खूण. पण एकच अक्षर सहा सुरांत म्हणायचं आणि दर सुराला अर्थ वेगळा. खूण पुसली. शिवाय लिहायची चिन्हं हजारांनी. मग एक दिवस मंडईतून खुशीत आले. "आपण मेथीची जुडी म्हणतो, लसणाचा गड्डा म्हणतो. ते लोक मोजताना प्रत्येक वस्तूला असं काहीतरी लावतात. म्हणजे कॅंटोनीज ही मंडईची भाषा आहे!"

तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी फळ्याच्या तळाला लिहिलं, "पाण्याची वेळ कोणत्याही एका भाषेत कळवावी."

एव्हाना माझाही गोंधळ उडाला होता. स्वच्छ रकाने पाडले की उत्तर मिळतं, असा माझा आयुष्यभराचा अनुभव. इथे रकाने भरत होते आणि उत्तर लांब जात होतं. इमारत रिकामी होत आली. वकीलही गेले. काकांच्या घरात बांधलेली खोकी होती, फक्त त्यांवर देशाचं नाव नव्हतं.

शेवटच्या रविवारी काकांनी मला साक्षीदार म्हणून वर बोलावलं. फोनवर दोन्ही नातवंडांना एकाच वेळी घेतलं. दोघांना त्यांच्या त्यांच्या भाषेत एकच विचारायचं, जेवलास का, जेवलीस का. जे नीट जमेल तिकडे जायचं. काकांनी घसा साफ केला, आणि नातवाला ग्रीकमध्ये विचारलं, नातीला कॅंटोनीजमध्ये.

दोन्ही पोरं एकदम खिदळायला लागली. काका गडबडून ओरडले, "अरे, जेवलात का दोघं?"

"जेवलात का!" नात म्हणाली.

"जेवलात का!" नातवाने लगेच तेच म्हटलं, सूर लावून.

मग ती दोघं एकमेकांनाच विचारत सुटली. काका फोनकडे बघत होते. हात मांडीवरच होते.

"लिहा पत्ता," ते म्हणाले. "इथेच, पुढच्या गल्लीत. खोली भाड्याने आहे."

"आणि मुलांना काय सांगणार?"

"खरं तेच. दोन्ही भाषा सारख्याच अवघड निघाल्या."

मुलगी रडली, मुलगा रुसला. सारखंच, असं काका म्हणायचे. पुढे रोज संध्याकाळी ते दोन्ही नातवंडांना एकत्र फोन लावायचे आणि खोलीतली एकेक वस्तू दाखवत मराठीत बोलायचे. मी भाजी घेऊन खालून जाताना ऐकायचे. जुडी, गड्डा, पिठलं.

नव्या घरांच्या किल्ल्या वाटल्या तेव्हा काका राहिले नव्हते. त्यांची किल्ली घ्यायला मुलगा आणि मुलगी दोघंही आली, पोरांना घेऊन. मोठी माणसं हॉलमध्ये उभी होती. पोरं मात्र खोल्यांतून पळत होती.

"ही आजोबांची खोली," नात म्हणाली. रस्त्याकडची.

"ती नाही. ही," नातू म्हणाला. मागची, सावलीची.

मी सवयीने मध्ये पडणार होते. तेवढ्यात नातवाने दोन्ही तळहात वर केले, एक जरा खाली, एक जरा वर. तिनेही केले.

"आधी तुलना करू," तो म्हणाला.

"ठरवायचं मग," ती म्हणाली.

दोघांपैकी कोणाचं बोलणं काकांसारखं जास्त, हे मला काही केल्या ठरवता येईना. मी किल्ली हातात धरून दारात उभीच राहिले.