गोळ्यांच्या दिवसांतली आई

आई दम्याच्या गोळ्या घेत होती ते वर्ष मला अजूनही अर्धवट झोपेतलं वाटतं. चाकूरचं आमचं घर तेच, खिडकीतून येणारं ऊनही तेच, पण त्या उन्हात वावरणारी बाई वेगळी. पहाटे जाग यायची ती तिच्या गुणगुणण्यानं. ती स्वयंपाकघरात धपाटे थापत असायची आणि मी पांघरुणातच पडून ऐकायचे. उठले की हे सगळं विरून जाईल असं वाटायचं.

त्याआधीची आई म्हणजे नुसता खोकला. सोयाबीनची रास सुरू झाली की मळणीयंत्रांची धूळ गावावर उतरायची आणि आई उशांना टेकून बसायची. आडवं होता यायचं नाही. एक वाक्य बोलायला तिला तीनदा थांबावं लागायचं. वडील शिक्षक, त्यांना पोरांची वाक्यं पुरी करायची सवय. ते तिचंही वाक्य परस्पर पुरं करून मोकळे व्हायचे, बहुतेक वेळा चुकीचं. मग चप्पल घालून कुठंतरी निघून जायचे. मीही अभ्यासाचं निमित्त काढून दुसऱ्या खोलीत जायचे.

मग एका डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी बारीक पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. बघता बघता छाती मोकळी झाली. भांडी घासताना चिघळणारा हातावरचा इसबही वाळून गेला. सांगितलेले दिवस संपले, गोळ्या मात्र संपल्या नाहीत. वडील मेडिकलमधून तीच पट्टी आणत राहिले, मेडिकलवाला देत राहिला. गुण येतोय तर थांबायचं कशाला, इतकी साधी आमची अक्कल.

आईला भूक लागायला लागली. गाल भरले, चेहरा गोल झाला. शेजारणी म्हणायच्या, "बाई, लई अंग धरलंय की. दम्यानं सोडलं म्हणायचं." आई हसायची. झोप कमी झाली होती, म्हणून ती उजाडायच्या आत गोधडी शिवत बसायची आणि मी तिच्या शेजारी जाऊन गप्पा मारायचे. वडीलसुद्धा शाळा सुटली की सरळ घरी यायला लागले, ह्याचं गल्लीलाही नवल वाटलं असणार. बांगडी जराशी घासली तरी आईच्या मनगटावर निळा डाग उमटायचा. तो आम्ही पाहिला आणि सोडून दिला.

नवरात्र आलं. घट बसले की आई कडक उपास धरते, चहा आणि संध्याकाळी थोडी भगर. त्या वर्षी तिनं गोळीही बंद केली. "एवढं बरं केलंय देवीनं. नऊ दिवस तिच्या भरवशावर राहते की," म्हणाली. समईच्या उजेडात बसलेली आई आणि मातीतून वर येणारे पिवळे कोंब बघत मी तासन्‌तास बसून राहायचे. मला ते फार सुंदर वाटत होतं.

चौथ्या माळेला ती घटाला माळ बांधायला उठली आणि भिंत धरून खाली बसली. अंगात त्राण नव्हतं, प्यालेला चहा उलटून पडला. "उपास बाधला," वडील म्हणाले. लिंबूपाणीही पोटात राहिना. हाक मारल्यावर तिनं डोळे उघडले नाहीत, तेव्हा जीप करून लातूर गाठलं. वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाहेर तुरीची शेतं मागे मागे सरकत होती आणि आई झोपलीय की चाललीय हेच मला कळत नव्हतं. तेवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी कुठली ते विचारलं, मग कधी बंद केली ते. सलाइन लावलं आणि त्याच जातीचं औषध सुईतून दिलं. आई डोळे उघडून पाणी मागायला लागल्यावर त्यांनी आम्हाला समजावलं. "हे स्टिरॉइड आहे. असंच द्रव्य आपलं शरीर रोज स्वतः बनवतं. महिनोन्‌महिने ते बाहेरून मिळालं की आतलं काम झोपी जातं. तुम्ही गोळी एकदम तोडली, वरून उपास. आतलं जागं व्हायला वेळच मिळाला नाही."

"म्हणजे औषधच वाईट?" वडिलांनी विचारलं.

"औषध चांगलं आहे, जीव वाचवतं. पण जास्त दिवस घेतलं असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवावं लागतं. आणि ते भरलेले गाल म्हणजे तब्येत नव्हती. ती गोळीची करामत."

पुढचे काही महिने गोळी थोडी थोडी कमी होत गेली. सोबत पंप आला. त्यातही स्टिरॉइडच, पण अगदी कमी आणि थेट छातीत जाणारं. ओढायचा, मग चूळ भरायची, आणि बरं वाटत असलं तरी रोज. आईचा श्वास चांगला राहिला. चेहऱ्याचा गोलपणा जाऊन तो पूर्वीसारखा झाला. पहाटे आता ती गाढ झोपलेली असायची.

एकदा मेथी निवडताना मी विचारलं, "आई, डाग पडत होते, झोप न्हवती. काहीतरी बिघडून राहिलंय हे तुला कळत न्हवतं का?"

"कळत होतं की."

"मग बोलली का न्हाईस?"

ती पानं खुडत राहिली. "तुझे वडील घरी थांबत होते. तू येऊन बसत होतीस. दम्याची भीती न्हवती ग मला. नऊ दिवसांचं वेगळं. गोळी कायमची सुटली, खोकला परत आला, तर तुम्ही दोघं परत उठून जाताल, असं वाटायचं."