प्रस्थानाची पिशवी

एका दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांच्या कपड्यांची बॅग आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, विजेच्या मीटरखाली विसरलो. ते महाबळेश्वरला पोचल्यावर कळलं. गाडीत सामान चढवायचं काम माझं होतं. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, मुलगी वर्षाची. पहिला दिवस दोघांना मोठ्यांच्या शालींत गुंडाळून काढावा लागला. बायको बोलली, ते मी ऐकून घेतलं. तेवढं माझं चुकलंच होतं. पण माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, हॉटेलच्या जेवणघरात सगळ्यांसमोर उभा राहिला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "या, गहाळराव!"

लिहिताना मी त्याला अरे-तुरे करतोय. तोंडावर कधी केलं नाही.

ते नाव चिकटलं. लग्नात, बारशात, सासूबाईंच्या सत्तरीला. साडू वर्तकनगरला राहतो, आम्ही ठाकुर्लीला. अंतर फार नाही, त्यामुळे भेटी खूप आणि प्रत्येक भेटीत गहाळराव. मी हसायचो. न हसणारा माणूस आणखी हास्यास्पद दिसतो, एवढं मला कळत होतं. मग एका संध्याकाळी खाली मुलं खेळत होती आणि माझा मुलगा दुसऱ्या एका मुलाला सांगत होता, "माझ्या बाबांना ना काही देऊ नको. ते गहाळराव आहेत." चेष्टा नव्हती त्यात. तो नवीन मुलाला माहिती देत होता. त्या दिवशी मी ठरवलं की ह्या माणसाला एकदा तरी, सगळ्यांसमोर, अगदी असाच पाडायचा.

नाव पडल्यापासून संधी यायला दीड वर्ष लागलं. मे महिन्यात दोन्ही कुटुंबांनी मिळून मालवणच्या बाजूला जायचं ठरलं. भाड्याची मोठी गाडी ठाण्याहून त्यांना घेऊन निघणार, वाटेत आम्हाला घेणार आणि मानपाड्यावरून पुढे पनवेलच्या रस्त्याला लागणार.

आदल्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर कपड्यांचे ढीग, जमिनीवर तोंड वासलेल्या बॅगा. धाकटीने पावसाळी गमबूट घालून ठेवले होते आणि ते काढायला ती तयार नव्हती. बायको एका हातात यादी धरून बोलत होती.

"ओआरएसची पाकिटं? थर्मामीटर? टोप्या तीन. अरे, टोप्या कुठे ठेवल्या?"

"मी बघतो."

"तू नको बघू. तू फक्त बॅगा खाली ने."

प्रत्येक बॅगेला तिने लाल फीत बांधली होती आणि खडूने आकडा घातला होता. एक ते सात. मोजायचं काम माझ्या मुलाकडे होतं. तो माझ्या मागे मागे फिरत होता, मी बॅग हलवली की बोट करून आकडा म्हणत होता. "आईने सांगितलंय तुमच्यावर लक्ष ठेवायला," असं त्याने मला मोठ्या प्रेमाने सांगितलं. सात वर्षांच्या मुलाला आपल्यावर पहारेकरी नेमलेलं पाहणं कसं असतं, ते मी वेगळं सांगत नाही.

त्यातच सासूबाईंचा फोन. निघायच्या दिवशी अमावस्या होती. त्यांचं म्हणणं, रजा बदलता येत नसेल तर नका बदलू, पण प्रस्थान तरी ठेवा. निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या वेळेला आपलं थोडं सामान जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. मग जाताना ते सामान ज्याचं त्याने उचलायचं. आमचं प्रस्थान शेजारच्या इमारतीत ठेवलं. साडूचं आमच्याकडे.

साडूचं मानपाड्याला एका कारखान्यात काम होतं, जाता जाता तो पिशवी घेऊन आला. निळी, कापडी, चेन लावलेली.

"आईंचं समाधान हो, दुसरं काय," चहा घेताना तो म्हणाला. "इथे चपलांच्या कपाटावर ठेवतो. डोळ्यासमोर राहील. तुमच्या स्वाधीन नाही करत, गहाळराव. उद्या मी स्वतः वर येऊन उचलणार."

"काका, हिच्यावर आकडा नाहीये," माझा मुलगा म्हणाला.

"ही आमची आहे ना राजा. तू तुमच्या मोज."

तो गेला. बायको मुलांना घेऊन टोप्या आणायला बाजारात गेली. मी एकटा उरलो आणि ती पिशवी उघडली.

वर रुमालात बांधलेली सुपारी आणि थोडे तांदूळ होते. त्याखाली मेणकापड, नीट घडी केलेलं. दोन पातळ दुपटी. आठ चड्ड्या. आणि तळाशी मोठ्या मुलांचे डायपर, पाकीट फोडून वर्तमानपत्रात गुंडाळलेले, बाहेरून कळू नयेत म्हणून.

साडूला एकच मुलगी. साडेपाच वर्षांची, जूनमध्ये पहिलीत जाणार होती. तिला घड्याळ कळतं, तिला पाढे येतात, ती एकटी वेगळ्या खोलीत झोपते, हे आम्ही गेली दोन वर्षं ऐकत होतो. ती अजून अंथरूण ओलं करते हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या बायकोलाही नाही, सख्खी मावशी असून.

त्या क्षणी मला त्या मुलीची दया यायला हवी होती. मला झाला तो आनंद. सापडला, असं मी चक्क मोठ्याने म्हणालो.

सकाळी गाडी आली. साडू वर आलाच नाही. तो खाली उभा राहून टपावर सामान कसं लावायचं ते ड्रायव्हरला शिकवत होता. "गहाळराव, सगळं आलं का?" त्याने खालून हाक मारली. माझा मुलगा बाल्कनीतून ओरडला, "सात!" खाली सगळे हसले. बायको मुलांना घेऊन उतरली. गॅस, नळ, खिडक्या बघून कुलूप लावायला मी मागे राहिलो.

पिशवी कपाटावर होती. उचलून खाली नेली असती तर काम झालं असतं. नुसती तशीच ठेवली असती तरी मी म्हणू शकलो असतो की लक्षात आलं नाही. मी ती उचलली, चपलांच्या कपाटात खालच्या खणात, मुलांच्या जुन्या सँडलवर ठेवली आणि दार लावलं. सुपारी, तांदूळ, सगळ्यासकट.

"तुझी पिशवी?" मेहुणीने गाडीत बसता बसता त्याला विचारलं असतं तर? मी जिन्यावरून उतरताना तीच भीती घेऊन उतरलो. तिने नाही विचारलं. बहुधा तिला वाटलं त्याने घेतली.

संध्याकाळी मुक्कामाला पोचलो. समुद्राजवळचं कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण. सामान उतरलं आणि अर्ध्या तासाने मेहुणी आणि साडू विहिरीपाशी हळू आवाजात बोलताना दिसले. मग तो माझ्याकडे आला.

"साडूभाऊ, ती निळी पिशवी..."

साडूभाऊ म्हणाला. गहाळराव नाही.

"प्रस्थान ज्याचं त्याने उचलायचं असतं," मी म्हणालो. "आईच म्हणतात." हे वाक्य मी पनवेलपासून तोंडात घोळवत आलो होतो.

"काय होतं त्यात?" बायकोने विचारलं.

"काही नाही. थोडे कपडे," मेहुणी घाईने म्हणाली.

इथे मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जेवणं झाल्यावर मुलांनी धरलं की आम्ही तिघं एका खोलीत, एकाच मोठ्या गादीवर झोपणार. साडू म्हणाला, नको, ती आमच्याजवळ झोपेल, तिला नवीन जागेची सवय नाही. ती रडायला लागली, "मला दादाजवळ झोपायचंय." आणि मी म्हणालो, "झोपू दे की. तुमची तर घरी एकटी झोपते ना?"

त्याने तिची उशी उचलून मुलांच्या गादीवर नेऊन ठेवली. ते मी डोळे भरून पाहिलं.

सकाळी मी चहा घेत अंगणात बसलो होतो. घरमालकीणबाईंनी गादी आणून चिऱ्याच्या गडग्यावर, अंगणाच्या बुटक्या भिंतीवर, उन्हात टाकली. "पोरां म्हटल्यावर व्हतलाच," असं काहीसं त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मागून माझा मुलगा धावत आला.

"बाबा, बाबा! बारवी भरली!"

आमच्याकडे नळाला येतं ते पाणी बारवी धरणाचं. पावसाळ्यात धरण भरलं की सोसायटीच्या ग्रुपवर हेच वाक्य फिरतं, बारवी भरली. त्याने ते बरोबर जागी बसवलं होतं. धाकटी त्याच्यामागून गमबूट वाजवत "बालवी, बालवी" करत आली. आणि मी हसलो. सगळ्यात आधी मी हसलो.

साडूची मुलगी दारात उभी होती, माझ्या मुलाची हाफपँट घालून. कारण तिच्या जास्तीच्या चड्ड्या ठाकुर्लीला चपलांच्या कपाटात होत्या.

साडू पुढे आला, मुलांसमोर उकिडवा बसला. "ए, तिचं काही नाही हां. मी तिची पिशवी विसरलो, म्हणून झालं. मोठा गहाळराव मी आहे." त्याने स्वतःचे कान धरले. मुलं त्याला हसली, पण नाव बदललं नाही. नाव कुणाला चिकटायचं ते ठेवणाऱ्याच्या हातात राहत नाही. दुपारपर्यंत ती बारवी झाली होती. "ए बारवी, बॉल दे." "बारवी आऊट."

जेवताना मला दिसलं की ती पाणी पीत नाही. सोलकढीची वाटी तशीच. कलिंगड कापलं, तिने हात मागे घेतले. कोकम सरबत आलं तेव्हा ती ग्लासाकडे बघत होती, ओठ चाटत होती, आणि मान हलवत होती. मेचं ऊन, खारा वारा, सगळे घटाघटा पीत होते.

"पी की गं," मेहुणी म्हणाली.

"तहान नाही."

मला ते लगेच कळलं. कदाचित तिच्या आईच्या आधी. तिने आपल्या परीने उपाय शोधला होता.

चारच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर होतो. ती खेळता खेळता मटकन खाली बसली. डोकं दुखतं म्हणाली. चेहरा लाल, ओठ पांढरे पडलेले. मेहुणी आणि बायको ओआरएस करायला घराकडे धावल्या, साडू डॉक्टर कुठे मिळेल ते विचारायला गेला, आणि मी तिला उचलून सुरूच्या झाडाखाली नेलं. माझ्याजवळ पाण्याची बाटली होती. तिने दात घट्ट मिटले.

"बाबा पिशवी विसरले नाहीत," मी म्हणालो. "मी ती लपवली."

तिने डोळे उघडले. "कुठे?"

"आमच्या चपलांच्या कपाटात."

"का?"

"मला तुझ्या बाबांचा राग आलेला."

"मग मला का?"

मी बाटली पुढे केली. ती म्हणाली, "आधी दादाला सांगा."

माझा मुलगा जवळच शंख गोळा करत होता. मी त्याला हाक मारली आणि सांगितलं. त्याने हातातले शंख खाली ठेवले नाहीत.

"मुद्दाम?" त्याने विचारलं.

"मुद्दाम."

"म्हणजे तुम्ही विसरला नव्हता?" त्याच्या आवाजात राग नव्हता. कोडं सुटत नसावं तसा तो माझ्याकडे बघत होता. मुलगी पाणी पीत होती, बाटली दोन्ही हातांनी धरून, मधे श्वास न घेता.

डॉक्टरची गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली, आणि साडू बाजारातून नवीन मेणकापड घेऊन आला. रात्रीच्या जेवणाला सगळे पानावर बसले असताना माझ्या मुलाला ती गोष्ट मनात ठेवता आली नाही.

"बाबांनी मुद्दाम पिशवी लपवली. कपाटात."

साडूच मोठ्याने हसला. "अरे राजा, तुझ्या बाबांना लपवलेलं लक्षात तरी राहील का?" मेहुणी हसली. माझी बायकोही हसली, "ह्याला? ह्याला चष्मा सापडत नाही!"

मी सुटलो होतो. माझ्याच नावाने मला सोडवलं होतं. फक्त त्यांच्याबरोबर हसायचं बाकी होतं, आणि ते मला दीड वर्षाच्या सरावाने चांगलं जमत होतं. समोर ती दोघं मुलं होती. ती हसत नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "तो खरं सांगतोय. मी आदल्या दिवशी पिशवी उघडून पाहिली. आत काय आहे ते मला माहीत होतं. मग लपवली. आणि हिला मुलांत झोपू द्या म्हटलं, तेही मुद्दाम."

साडूने घास ताटात परत ठेवला. काहीतरी म्हणेल, अंगावर येईल, असं मला वाटलं. यावं असंही वाटलं. तो उठला, हात धुतला, मुलीला कडेवर घेतलं आणि अंगणात गेला. ती एवढी मोठी झाली होती की तिचे पाय त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. बायको माझ्याशी पुढचे दोन दिवस फक्त मुलांपुरतं बोलली.

त्याला आता काही वर्षं झाली. आम्ही लग्नाकार्यात भेटतो. साडू मला "या, बसा" म्हणतो, तब्येत विचारतो, चहा पुढे करतो. गहाळराव पुन्हा कधीही म्हणाला नाही. कुणीच म्हणत नाही. माझा मुलगाही नाही. मला जे हवं होतं ते पूर्ण मिळालं.

आणि कबूलच करायचं तर एवढंही लिहायला हवं. त्या रात्री साडू पानावरून उठला तेव्हा शरमेने माझं तोंड जळत होतं, हे खरं. पण त्याच वेळी साडूच्या नजरेत मला पहिल्यांदा माझी भीती दिसली, आणि ती मला आवडली. मुलीने विचारलेल्या प्रश्नाची मला लाज वाटते. ह्या आवडण्याची लाज वाटावी म्हणून मी अजून प्रयत्न करतो आहे.