किती मुक्काम?

सावलीहून चंद्रपूरला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबेलच असं नसायचं, म्हणून बाबा सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर काहीबाही बोलला, पण गाडी थांबली. आई माझ्यामागे गाडीत चढली, नव्या तांदळाचं गाठोडं तिने माझ्या मांडीवर ठेवलं, त्यावर लाखोळीच्या डाळीची पिशवी ठेवली आणि म्हणाली, "जिथी जाशीन तिथी पोटभर जेव बापू, लाजू नोको." धाकटा भाऊ महेश शाळा बुडवून आला होता आणि बसच्या मागच्या चाकाकडे बघत उभा होता. अशा प्रसंगाचं लोक फार हळवं वर्णन करतात. मला आठवते ती गाठोड्याने मांडीला लागलेली रग, आणि चंद्रपुरात जटपुरा गेटपाशी एका ऑटोवाल्याने "लग्नाले चालला का भाऊ?" म्हणून केलेली चौकशी. मी पुण्याला चाललो होतो, नोकरी शोधायला.

ओळखीच्या एकाने सहलीच्या कंपनीत लावून दिलं. आधी बसच्या टपावर बॅगा चढवल्या, मग नाश्त्याची पाकिटं वाटली, मग हळूहळू गळ्यात शिट्टी आणि हातात झेंडा आला. तेव्हापासून मी लोकांना फिरवतो आहे. वाराणसी, अमृतसर, काठमांडू, पोखरा, कोलंबो, कँडी. आमच्या धंद्यात एक मंत्र आहे, सहा-सात-आठ. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. मी पुण्याच्या घरी सुट्टीवर असलो तरी बायको म्हणते, हे आठच्या आत चहा संपवून दारात उभे असतात, जणू मागे पन्नास माणसं यायची आहेत.

गावात जे राहिले त्यांना वाटतं माझी मजा आहे. महेशचे मित्र भेटले की म्हणतात, "तुले का बाप्पा, फुकटात दुनिया पाहून राह्यला." पाहिली, नाही कशाला म्हणू? पण काठमांडूत मी पशुपतिनाथापेक्षा हॉटेलचा मॅनेजर जास्त पाहिला. खोलीत गरम पाणी येत नाही, शेजारच्या खोलीत घोरतात, जावेला खिडकीतून हिमालय दिसतो आणि आम्हाला पाण्याची टाकी, हे सगळं आधी माझ्याकडे येतं. मग मी हसून त्यातून वाट काढतो. मला स्वतःला जी खोली मिळते ती लिफ्टला चिकटलेली किंवा भटारखान्याच्या वर. आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, दुबईला असा नाहीतर हैदराबादला, तुम्हाला सांगायला नको की पलंग कितीही मऊ असला तरी तो दुसऱ्याचा असतो.

जेवणाचं मात्र माझं गुपचूप बरं चाललं होतं. नेपाळात दोन्ही वेळा दाल-भात, लंकेत केळीच्या पानावर भाताचा डोंगर आणि भोवती भाज्या. आमची मंडळी पहिल्याच दिवशी पोळी कुठे आहे म्हणून हवालदिल होतात. कंपनीचा आचारी मग कुठल्यातरी हॉटेलच्या मागच्या अंगणात पोळ्या लाटायला बसतो आणि पिठल्याचा वास येताच सगळे शांत होतात. मी त्या वेळी कोपऱ्यात बसून नेपाळी पोऱ्यांबरोबर भात कालवत असायचो. आमच्या झाडीपट्टीचा, धानाच्या मुलखातला माणूस भातावर वाढलेला. पोखऱ्याच्या त्या भातात मला आमच्या शेताच्या धुऱ्याची, बांधाची आठवण यायची, आणि ती कोणाला सांगायची सोय नसायची.

दोनेक वर्षांपूर्वी कँडीत सगळे बुद्धाच्या दाताच्या मंदिरात गेले. बाहेर पांढऱ्या कपड्यांतली लंकेची माणसं निळी कमळं घेऊन रांगेत उभी होती. इतकी वर्षं मी प्रत्येक वेळी गटाबरोबर आत जायचो, माहिती सांगायचो. त्या दिवशी बसमधून उतरलोच नाही. आजारी नव्हतो, नुसता कंटाळा आला होता, हाडांत शिरलेला. ड्रायव्हरने चहा आणून दिला, तो हातात निवला, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं की आता पुरे, घरी जावं. घर म्हणजे पुण्याची भाड्याची जागा मनात आली नाही. आमचं गाव आलं.

पण गावच्या घरात माझी जागा कुठे होती, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. बाबा गेल्यावर महेशने मातीचं घर पाडून पक्कं बांधायला काढलं. शेती तोच करतो, आईला तोच सांभाळतो. मी काठमांडूच्या विमानतळावर गटाचे पासपोर्ट मोजत असताना त्याचा फोन आला, "दादा, तुया खोलीले कोणती टाइल लावू?" मी घाईत म्हटलं, घसरणार नाही अशी लाव. पुढच्या दिवाळीत गेलो तर माझी खोली तयार. स्वतंत्र, खिडकीला जाळी, आत जोडलेलं न्हाणीघर, त्यात बसायचं कमोड. पलंगावर पांढरी चादर, पायथ्याशी घडी घातलेले दोन टॉवेल, कागदात गुंडाळलेला छोटा साबण. मी कधीतरी पाठवलेल्या हॉटेलांच्या फोटोंत बघून महेशने हे सगळं केलं होतं. माझं मन भरून आलं, हे खोटं नाही.

मग ते हळूहळू टोचायला लागलं. मी जायचो दिवाळीनंतर नाहीतर उन्हाळ्यात, तीन-चार दिवस. मला आधी जेवायला वाढायचे, एकट्याला, खुर्चीवर. महेशची बायको सुनंदा माझ्यासाठी मुद्दाम पोळ्या करायची, "दादाले आता भात चालत नसन," आणि घरचे सगळे मागाहून भात-वरण जेवायचे, ज्यासाठी मी आलो होतो. पुतणी खोलीत यायच्या आधी दार वाजवायची. मी ओसरीवर गेलो की चाललेली बोलणी थांबायची, मग कोणीतरी विचारायचं, पुण्यात थंडी किती? एकदा आईच्या मनगटाला गाठ दिसली. पाय घसरून हात मोडला होता, प्लास्टर निघूनही महिना झाला होता. मी महेशवर चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "तू दौऱ्यावर राह्यतं दादा. तुले काऊन तरास द्याचा?"

मला राग आला तो त्याच्या काळजीचा. मी हा धंदा आतून ओळखतो. गॅस संपला, आचारी पळाला, मालकाच्या घरी कोणी वारलं, काहीही झालं तरी पाहुण्याला कळू द्यायचं नाही, त्याच्यासमोर हसत ताट ठेवायचं. माझ्या माणसांनी माझ्याशी तेच चालवलं होतं. आईचा मोडलेला हात मला दाखवला नव्हता. त्या रात्री मी त्या पांढऱ्या चादरीवर पडलो आणि मला वाटलं, आपण इथले गिऱ्हाईक झालो.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी ठरवून गेलो. बायकोशी बोलणं झालं होतं. मुलगी नोकरीला लागली आहे, आम्ही दोघं गावी येऊन राहायला मोकळे आहोत. बायको म्हणाली, "आधी विचारून या. ठेवून घेतील का ते बघा." मीही म्हटलं विचारतो. चार दिवसांच्या पाहुण्याला सगळे जीव लावतात. कायमचा आलो म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते मला बघायचं होतं आणि बघवतही नव्हतं.

नेमकी आमच्या गावची मंडई होती. पुण्यात मंडई म्हणजे भाजी. आमच्याकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, दिवसा बाजार आणि रात्रभर नाटक. ज्या गावची मंडई, त्या गावात त्या दिवशी भोवतालच्या सगळ्या गावांतले सोयरे येतात. बोलावणं लागत नाही, कळवावं लागत नाही. घरातल्यांनी चुली पेटत्या ठेवायच्या, अंगणात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरायचं आणि येईल त्याला म्हणायचं, बसा. खाटा, गाद्या, चादरी सगळ्या पाहुण्यांच्या. घरचे कुठे झोपतात हे कोणी विचारत नाही.

दुपारपासून माणसं येत होती आणि मला करायला काही नव्हतं. पाणी द्यायला गेलो तर सुनंदा तांब्या काढून घ्यायची. "तुमी बसा दादा, थकले असान." मी खोलीत जाऊन बसायचो, पुन्हा बाहेर यायचो. दिवेलागणीच्या आधी चामोर्शीहून जीप आली. आईचे थोरले भाऊ, म्हणजे मामाजी, गुडघ्यांनी अधू झालेली मावशी आणि त्यांच्या मागून सुना, नातवंडं. दारात दुसरं कोणी नव्हतं. मी पुढे झालो, बॅगा घेतल्या, माझ्या कामावरचं हसू हसलो, प्रवास कसा झाला विचारलं. आणि सवयीने, हॉटेलच्या काउंटरवर हजारदा विचारतो तसं विचारून बसलो, "किती मुक्काम?"

मामाजींनी एक चप्पल काढली होती, ती त्यांनी पुन्हा पायात घातली. आमच्याकडे दारात आलेल्या सोयऱ्याला कधी जाणार हे विचारण्यापेक्षा त्याच्या तोंडावर दार लावलेलं बरं.

आई चुलीपाशी होती. तिने ऐकलं. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली आणि सगळ्यांसमोर माझ्यावर तुटून पडली. "सोयऱ्याले कवा जाता म्हून विचारते का कोणी? हाटेल हाय का हे? लाज नाई वाटत तुले, केस पिकले तरी?" मग मामाजींकडे वळून, "बसा भाऊ. पोरगा येडा हाय आपला." आणि पुन्हा माझ्याकडे, "पाहून काय राह्यला? मावशीले खाली बसता येत नाई, तुई खोली तिले दे. बॅग काढ तुई. अन् पंगत बसली हाय, वरण वाढ."

मामाजी हसले. म्हणाले, पुण्यात राहून बिघडलं पोरगं, आणि दोन्ही चपला काढून आत आले. मी माझी बॅग खोलीतून काढली आणि कुठे ठेवायची ते न कळून तणसावर टाकली. सुनंदाने या वेळी काही न बोलता वरणाची बादली माझ्या हातात दिली. मी वाढत सुटलो. कितीतरी वर्षांत त्या घरात मला कोणी रागावलं नव्हतं. पाहुण्याला कोणी रागावत नाही. वाढता वाढता मला रडू आलं, आणि पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने घाबरून विचारलं, वरण लई तिखट झालं का?

सगळ्यात शेवटी घरचे बसले, त्यांच्यात मी. पोळी कोणाच्या लक्षातच आली नाही. खरवडीचा भात आणि तळाचं वरण, तेच सगळ्यांच्या ताटात.

सकाळी तणसावरून उठलो तेव्हा पाठ धरली होती आणि शर्टात काड्या रुतल्या होत्या. टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या खोलीकडे गेलो. न्हाणीघरासमोर पाच-सहा बाया, मी त्यांच्यामागे उभा. आईने मला तिथे पाहिलं. "तू कायले मधात उभा हाय? पाव्हण्याइचं होऊ दे. बोडीवर जा." बोडी म्हणजे आमच्या घरामागचं तळं. लहानपणी तिथेच आंघोळ व्हायची.

महेश बोडीच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, बसून दात घासत होता, शेजारी रिकामी बादली. मी त्याच्या बाजूला बसलो. पाण्यावर धुकं होतं. आता नाही विचारलं तर पुन्हा कधी विचारणार नाही, असं वाटलं.

"महेश," मी म्हटलं, "आमी दोघं इथीच राहाले आलो तं?"

त्याने चूळ भरली. माझ्याकडे पाहिलं नाही, धानाच्या बांध्यांकडे पाहत होता. मी त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"ये ना," तो म्हणाला. "तुमी इथी राह्यले का ते खोली मोकळी होते. पाव्हण्याइले कामी येईन. तुमी आमच्यासंग मधल्या घरात झोपा."

इतक्या शहरांत इतक्या लोकांना मी खोल्या मिळवून दिल्या. माझी खोली काढून घेतल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. दमलेल्या माणसाला याहून जास्त घर लागत नाही.

"हाव," मी म्हटलं.

महेशने बादली माझ्याकडे सरकवली. "मंग लवकर आंघोळ कर. पंगतीले पानी भरा लागते."