शंभर ग्रॅम कोको

ब्रोकोली आणायला गेलेला मी कोको पावडरचा डबा घेऊन मंडईत उभा होतो. माझ्या रक्तात लोह कमी, आणि शंभर ग्रॅम कोकोत ते ब्रोकोलीपेक्षा कितीतरी जास्त असतं, हे मोबाईलवरचं ज्ञान मी सांगलीच्या भाजीवालीलाच ऐकवत होतो. एरवी माझ्या शंका चालू असताना ती भाजीवर पाणी शिंपडत राही. आज तराजू हातातच थांबला.

"आवं दादा, कोको खानार चमचाभर आन् हिशेब शंभर ग्रॅमचा व्हय? ह्यो गड्डा तर तुमी आख्खा खाताय!"

वैतागून तिनं गड्डा माझ्या पिशवीत कोंबला. घरी येऊन तिचं म्हणणं मी बायकोला कौतुकानं सांगितलं.

"सकाळी मी दुसरं काय सांगत होते?" ती म्हणाली. "उद्या मलाही एक तराजू आणा, म्हणजे माझंही पटेल."