आईच्या डोळ्यांतली मिरची

बाबा गेले तेव्हाही आई चारचौघांत रडली नव्हती. तिला रडवलं एका छायाचित्रकाराने.

लालबागच्या मिरची गल्लीत ती डंकासमोर मसाला कुटून घेत उभी होती. तिखटाच्या धुरळ्याने डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याने ते कॅमेऱ्यात टिपलं आणि लोअर परळच्या एका जुन्या गिरणीतल्या गॅलरीत पुरुषभर उंचीचं करून लावलं. खाली ओळ: ‘गिरणी गेली, अश्रू उरले.’

चाळीत शेजारीण म्हणाली, “काय वहिनी, गिरणीसाठी अजून रडताय?”

आई हसली नाही. मला म्हणाली, “ती ओळ काढायला सांग गो त्याला.”

आधी मी त्याचं व्याख्यान ऐकायला गेले. “परवानगी मागितलीत की क्षण मेला,” तो सांगत होता. “बोट आधी, डोकं नंतर.” मी लिहून घेतलं.

रविवारी आईला घेऊन गॅलरीत गेले. ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती. स्वतःच्या फोटोसमोर ती उभी राहते न राहते तोच छायाचित्रकार एका पाहुणीला घेऊन आला. पाहुणीला त्या फोटोसोबत फोटो हवा होता. त्याने आईच्या खांद्याला हात लावून तिला सारलं. “मावशी, जरा बाजूला व्हा ना.”

माझं बोट आधी गेलं. मोबाइलमध्ये दोन आया आल्या: भिंतीवरची रडणारी आणि तिच्यासमोरून हटवली जाणारी, कोरड्या डोळ्यांची. तिला सारणारा तोही आला.

बाबा युनियनची पत्रकं लिहायचे, घड्या मी घालायचे. त्यांचा नियम होता, खाली नाव नसेल तर ते पत्रक नव्हे, चहाडी. मी मैद्याची खळ शिजवली आणि गॅलरीच्या फाटकापासून मिरची गल्लीपर्यंत त्या फोटोच्या प्रती चिकटवल्या. खाली लिहिलं, ‘दोन्ही बाया एकच. डोळ्यांत मिरची होती.’ त्याखाली माझं पूर्ण नाव आणि नंबर.

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. “मला न विचारता माझा फोटो काढलात?”

“विचारलं असतं तर क्षण मेला असता, सर.”

“हवंय काय तुम्हाला?”

“ती ओळ काढा.”

“अहो, ती ओळ म्हणजे त्या फोटोचा प्राण आहे!”

फोन स्पीकरवर होता. आईने सगळं ऐकलं. ती उठली, फडताळातून मैद्याचा डबा काढला आणि गॅसवर पातेलं ठेवलं.

“या खेपेला जरा घट्ट करूया,” ती म्हणाली. “कालची कोपऱ्यात सुटत होती.”